चाकीला ऊब : निपाणीच्या वखारीतल्या कामगार स्त्रिया



व्याख्यानासाठी मी 'निपाणीचा तंबाखू' असा विषय कळवला, तेव्हा मंडळाच्या मित्रांची समजूत झाली की डॉक्टर आता तंबाखूचे दुष्परिणाम सांगणार. ते सांगायला पुष्कळ जण आहेत, आणि बिडीच्या बंडलावरचे चित्रही आहे. मला बोलायचे आहे ते तंबाखू ओढणाऱ्यांबद्दल नाही, तो चाळणाऱ्यांबद्दल. आपल्या सीमाभागात कामगार चळवळीचा विषय निघाला की मुंबईच्या गिरण्या आठवतात, नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केले, त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले, ते योग्यच झाले. पण घरापासून हाकेच्या अंतरावर ज्या बायकांनी संघटना उभी केली, त्यांच्यातल्या एकीचेही नाव आपल्याला चटकन सांगता येत नाही. माझे आजचे बोलणे त्यांच्यासाठी आहे.

ज्यांनी वखार आतून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो. चिकोडी-निपाणीच्या काळ्या रानातला तंबाखू हा मुख्यतः बिडीचा. रोपे लावायची, शेंडे खुडायचे, फुटवे काढत राहायचे, म्हणजे सगळा कस पानात उतरतो. पान उन्हात वाळते आणि मग वखारीत येते. तिथे ते कुटायचे, काडी वेगळी करायची, वेगवेगळ्या चाळण्यांतून पाला चाळून त्याची प्रत लावायची, धूळ वेगळी काढायची. ही चाळण्याची, पाखडण्याची, निवडण्याची कामे बायकांची. तोलायचे, लिहायचे आणि हुकूम सोडायचे काम पुरुषांचे. मालाचा रचून ठेवलेला ढीग म्हणजे चाकी. चाकीत ओल राहिली की ती आतून तापू लागते. त्याला म्हणायचे ऊब येणे. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. हात घातला तर कळते. ऊब आली की चाकी ताबडतोब फोडून उलटीपालटी करावी लागते, नाहीतर आतला माल करपून काळा पडतो.

या वखारींची एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत म्हणावी का हा प्रश्नच आहे. १९४३ साली सरकारने तंबाखूवर उत्पादन शुल्क बसवले आणि कच्च्या तंबाखूवरचे ते शुल्क १९७९ सालच्या अंदाजपत्रकात उठले. मधल्या छत्तीस वर्षांत वखारीत आलेल्या आणि वखारीतून गेलेल्या तंबाखूची वजनासह नोंद ठेवावी लागे. अबकारी खात्याचा माणूस आला की दिवाणजी वही काढून दाखवी. पाला किती, काडी किती, घट किती, सगळे कागदावर. त्याच वखारीत दिवसभर बसलेल्या बाईची मात्र पुष्कळदा हजेरीसुद्धा लागत नसे. उद्या तिला 'तू इथली नव्हेस' म्हटले तर दाखवायला तिच्यापाशी काही नाही. काडीची नोंद आहे आणि माणसाची नाही, हे ज्या दिवशी त्या बायकांच्या ध्यानात आले, त्या दिवशी खरी संघटना सुरू झाली असे मला वाटते.

मी दवाखाना सुरू केला तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. आमच्या मटेरिया मेडिकात 'टॅबॅकम' नावाचे औषध आहे, म्हणजे तंबाखूच. त्याखाली लक्षणे दिली आहेत : जीव जाईल अशी मळमळ, पांढराफटक चेहरा, गार घाम, चक्कर, आणि उघड्या हवेत गेले की बरे वाटणे. ही सगळी लक्षणे पुस्तक न उघडता पाहायची असतील तर वखारीत नव्याने लागलेल्या मुलीला पाहावे. निकोटीन तोंडानेच पोटात जावे लागते असे नाही. ते कातडीतून जाते, धुळीबरोबर श्वासातून जाते. पहिले काही दिवस मुलगी ओकते, तिला गरगरते. मग शरीर सवय करून घेते आणि घरचे म्हणतात, आता रुळली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत रुळलेल्या बाईचा खोकला सुरू होतो, दम लागतो. 'डॉक्टर, हात कितीही धुवा, माझ्या हातची भाकरी पोरं कडू म्हणतात,' असे सांगणाऱ्या बायका माझ्यापुढे बसलेल्या आहेत. त्यांना औषध द्यायचो. पण दुसऱ्या दिवशी धूळ तीच, कोंडलेली खोली तीच, तोंडावर बांधलेला पदर तोच. तिथे पुडीपेक्षा भिंतीत एक मोठी खिडकी पाडली असती तर जास्त गुण आला असता.

कोळशाच्या खाणीतल्या माणसाला धुळीने फुफ्फुसाचा रोग झाला तर कायद्याच्या यादीत त्याला व्यवसायजन्य रोग म्हणून जागा आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगालाही आहे. ती जागा आपोआप मिळाली नाही. खाणी-गिरण्यांतल्या संघटनांनी अनेक देशांत पिढ्यान् पिढ्या भांडून ती मिळवली. तंबाखू चाळणारीच्या धुळीला त्या यादीत असे स्वतःचे नाव नाही. दम्याच्या सर्वसाधारण सदरात तिने स्वतःला बसवून घ्यायचे, आणि पुन्हा सिद्ध करायचे की आपण वखारीत होतो. परत तीच नोंदीची अडचण.

कायदे नव्हते असे नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, बिडी व सिगार कामगारांचा १९६६ चा, त्यांच्या कल्याण निधीचा १९७६ चा. कागद बेंगळूर-दिल्लीहून निघत होते आणि निपाणीपर्यंत येईतो त्यांचा आवाज बसत होता. शिवाय अधिसूचना कन्नड-इंग्रजीत, आणि बाईचे भांडण मराठीत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महाविद्यालयात शिकवणारे प्रा. सुभाष जोशी आणि त्यांचे सहकारी आधी बिडी वळणाऱ्यांमध्ये आणि मग वखारीतल्या बायकांमध्ये जाऊ लागले. जोशी सरांचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते आणि ते घेतलेच पाहिजे. पण नेत्याचे नाव घेतले की विषय संपला, ही आपली सवय मला पटत नाही. सर काही वखारीत बसून चाळत नव्हते. सभेला येऊ का नको, आले तर उद्या कामावर घेतील का, याचा निर्णय ज्या बाईने स्वयंपाक करता करता घेतला, धोका तिचा होता. त्यांच्यात विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, देवदासी होत्या. एका दिवसाचा खाडा म्हणजे त्या रात्री चूल थंड. अशा बाईने संप करायचा, शेजारणीला उठवून आणायचे, मुकादमाच्या तोंडावर बोलायचे, याला पुढारीपण म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

आता १९८१ कडे येतो, कारण निपाणी म्हटले की बाहेरच्या जगाला तेच साल आठवते. त्या वर्षी मार्चमध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बेंगळूर महामार्गावर बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते हलले नाहीत. ६ एप्रिलला पोलिसांनी त्यांना उठवले, गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. ही घटना आपल्या भागाच्या काळजात आहे. पण तिच्या झोतात वखारीतल्या बायकांची चळवळ झाकली गेली, ती त्याच सुमारास आणि थोडी आधीपासून चालू असताना. पुष्कळांना वाटते की शेतकऱ्याला भाव आणि मजुराला पगार ही भांडणे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. निपाणीत तसे सरळ गणित बसत नाही. घरचा एकर-दीड एकर तंबाखू आणि सून-लेक वखारीत, अशी घरे इथे आहेत. सासऱ्याचा भाव आणि सुनेची मजुरी, दोन्ही ठरवणारा व्यापारी एकच. दोन्ही आघाड्यांवर सुभाष जोशी होते, हा योगायोग मला वाटत नाही. तरी स्मरण करताना आपण सासऱ्याचे करतो. सुनेचे राहून जाते.

तिची आठवण दुसऱ्यांनी ठेवली. १९८० साली बेंगळूरमध्ये 'युगांतर' नावाचा चित्रपट करणारा गट तयार झाला : दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज काँट्रॅक्टर. ही मंडळी निपाणीत सुमारे चार महिने राहिली, बायकांशी बोलत राहिली, आणि १९८२ मध्ये त्यांनी पंचवीसेक मिनिटांचा कृष्णधवल माहितीपट पुरा केला. नाव : 'तंबाखू चाकीला ऊब आली'. वखारीतला शब्द जसाच्या तसा उचललेला. वखारीच्या आत कॅमेरा जाणे ही तेव्हा अशक्य कोटीतली गोष्ट होती. त्यात बायका स्वतः बोलतात, त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही. छाया दातार यांनी या स्त्रियांच्या संघटनेवर अभ्यास करून पुस्तक लिहिले, ते १९८९ मध्ये दिल्लीहून 'काली फॉर विमेन' या प्रकाशनाने काढले. दातार मराठी कथाकार, विषय निपाणीचा, बाया मराठी बोलणाऱ्या, आणि पुस्तक इंग्रजीत! 'युगांतर'चे चित्रपट पुढे बर्लिनच्या 'आर्सेनाल' संस्थेने जतन करून पुन्हा लोकांसमोर आणले. बर्लिनमध्ये बसून आपल्या वखारी पाहता येतात. चांगलेच आहे ते, पण मला थोडी लाजही वाटते.

मराठी साहित्याने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. निपाणीचे महादेव मोरे मोटारींच्या गॅरेजात राबले, पुढे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. हातावर पोट असलेल्या सीमाभागातल्या माणसांची बोली त्यांनी जशी ऐकली तशी छापायला दिली. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या मागे हे काम कोण करणार, हा आपल्यासारख्या मंडळांपुढचा प्रश्न आहे.

एक गोष्ट जैन म्हणून बोलतो, ती कोणा एका वखारवाल्याला लावून घेऊ नये. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतले दोन आहेत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध : कुवतीबाहेर ओझे लादणे, आणि खाण्यापिण्याला अडवणे. लहानपणापासून आपण प्रवचनात ऐकतो ते बैलाच्या उदाहरणाने. गाडीत जास्त पोती भरू नयेत, तहानलेल्या जनावराला थांबवून पाणी पाजावे. उदाहरण खरे आहे. पण पाणी प्यायला उठलेल्या बाईला मुकादम हटकतो, तेव्हा तिथे कोणता अतिचार होतो, याचा विचार प्रवचनात व्हायला हवा. आपल्या भागातला तंबाखूचा पैसा शाळा-कॉलेजांत, मंदिरांत, धर्मशाळांत गेलेला आहे. त्याचे चांगले झाले हे मी नाकारत नाही, मीही तशाच दानावर उभ्या राहिलेल्या शाळांमध्ये शिकलेल्या पिढीतला आहे. मात्र त्या संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे असतात आणि धूळ खाल्लेल्यांची नसतात.

नाव राहते ते कोणी आग्रहाने ठेवले तर. दर १७ जानेवारीला आपण १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो आणि त्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचे नाव येते. सत्तर वर्षांनीही ते टिकले आहे, कारण दरवर्षी कोणीतरी ते मोठ्याने वाचते.

आता वखारी पूर्वीसारख्या गजबजलेल्या नाहीत. बिडीचा खप घटला, आणि कल्याण निधीला पैसा पुरवणारा बिडीवरचा उपकरही जीएसटी आल्यावर बंद झाला. आरोग्याच्या दृष्टीने बिडी कमी होणे मला हवेच आहे. पण तंबाखू बंद करा म्हणणाऱ्या आम्हा डॉक्टरांनी चाळणी खाली ठेवल्यावर त्या बाईच्या हाताला कोणते काम, हेही त्याच दमात विचारायला हवे. नाहीतर आमचा उपदेश भरल्या पोटचा ठरतो.

संपाच्या वेळी ज्या तिशीत होत्या, त्या आज सत्तरीच्या पुढे आहेत. काही दवाखान्यात येतात, काहींना आता आणावे लागते. मंडळाला माझी विनंती अशी : पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाचे मानधन बाजूला ठेवा, दोन तरुण मुलींना ध्वनिमुद्रणाचे यंत्र द्या आणि या बायकांकडे पाठवा. आधी पूर्ण नाव लिहून घ्या, माहेरच्या नावासकट. कोणत्या सालापासून वखारीत, पहिली मजुरी किती, सभेला पहिल्यांदा कोणी नेले, संपाच्या दिवसांत घरात काय शिजले, ते विचारा. मुकादमाचे, मालकाचे नाव सांगायला नको वाटले तर आग्रह करू नका. आणि चाकीत हात घातल्यावर ऊब नेमकी कुठे लागते, बोटांना की मनगटाला, तेवढे जरूर विचारून घ्या. पाहणीला जाल तेव्हा दुपारी जाऊ नका, त्या पडलेल्या असतात. सकाळी दहाच्या आत जा. त्या वेळी त्यांचा खोकला जरा कमी असतो आणि सलग बोलता येते.