ट्रॅक्टर उलटतो तो का?



फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि १५ मजूर दगावले. मालावर बसलेला माणूस मालाखालीच सापडतो. ही गत पक्क्या रस्त्यावरची. आपला ट्रॅक्टर तर रोज बांधावरून, नाल्यातून जातो.

ट्रॅक्टर उलटला की आपण नशिबाला बोल लावतो. तपासणी करणारा अभियंता मात्र जमिनीवरच्या खुणा पाहतो. त्या काय सांगतात, ते ऐका.

१) मागच्या चाकांखाली खोल खड्डा, साखळी वर टॉपलिंकच्या जागी बांधलेली. रुतलेलं चाक फिरेना, की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलतो. दीड सेकंदात ट्रॅक्टर पाठीवर! उडी मारायला वेळच मिळत नाही. म्हणून साखळी खाली ड्रॉबारलाच लावा. चाकाला ओंडका बांधू नका. माती उकरून रिव्हर्समध्ये काढा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा.

२) काठाची ढासळलेली माती. नाला जितका खोल, निदान तितकं अंतर काठापासून सोडा. पावसात काळी जमीन भिजली असेल तर आणखी जास्त.

३) रस्त्यावर एकाच चाकाची ब्रेकची रेघ. शेतात वळायला ब्रेकचे दोन पायटे सुटे ठेवतात. रस्त्यावर येताना ते जोडायचे राहून गेले. वेगही आवरा. वेग दुप्पट झाला, की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, बरं का.

ट्रॅक्टरवर सीट एकच, माणूसही एकच. मडगार्डवर पोराबाळांना मुळीच बसवू नका.

स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची झाली आणि उलटून मरणाऱ्यांची संख्या पुढे खूपच घटली. आपल्या ट्रॅक्टरला अशी चौकट असेल तर पट्टा जरूर बांधा. चौकट नसेल तर पट्टा बांधू नये. ट्रॅक्टरबरोबर माणूसही खाली दाबला जातो.

अपघात झालाच, तर आधी इंजिन बंद करा, माणूस सोडवा, १०८ ला फोन लावा. त्यानंतर पंचनामा होईपर्यंत ट्रॅक्टर हलवू नका, चाकोऱ्या पुसू नका. खरं कारण त्याच खुणांत असतं, आणि विम्याच्या कामीही त्या येतात.

तेव्हा मंडळी, उद्या चावी फिरवण्याआधी तीन गोष्टी पाहा: साखळी कुठे बांधली, पायटे जोडले का, आणि मडगार्डवर कोणी बसलं तर नाही ना!