फुटणारा तारा आणि विश्वाचं माप
(विहाराच्या वर्धापनदिनी हातकणंगले येथे केलेले भाषण)



मी सूतगिरणीतला कामगार. तरुणपणी सुताच्या नंबराबद्दल मुकादमाला विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "तू मला शिकवणार?" सगळे हसले. पण सुताचा नंबर कुणाच्या सांगण्यावरून ठरत नसतो. एका पौंडात 840 यार्डांच्या किती लडी बसतात, ते वजन करूनच ठरतं. पुढे पुस्तकं वाचताना कळलं, आकाशाचंही तसंच आहे.

रस्त्यावरचे सगळे दिवे सारख्या वॅटचे असतील, तर मंद दिसतो तो लांबचा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. आकाशातला असा दिवा म्हणजे एका ठराविक प्रकारचा फुटणारा तारा. श्वेतबटू नावाचा विझत आलेला तारा जोडीच्या ताऱ्याकडून द्रव्य ओढतो आणि सूर्याच्या सुमारे 1.4 पट वजनाजवळ आला की फुटतो. ही वजनाची मर्यादा आपल्या चंद्रशेखरांनी शोधली. त्यांना 1983 साली नोबेल मिळालं. या स्फोटांचं तेज जवळपास सारखं असतं. जो जास्त तेजस्वी तो सावकाश मंदावतो, म्हणून उरलेला फरकही दुरुस्त करता येतो. तेजावरून अंतर कळतं. प्रकाश तांबड्याकडे किती सरकला, त्यावरून तो निघाल्यापासून विश्व किती ताणलं गेलं ते कळतं.

1998 साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांना लांबचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद दिसले. त्यावरून त्यांनी सांगितलं, विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे. 2011 साली पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

यावर शंका घेणारा एक माणूस आपल्या कोल्हापुरात 1938 साली जन्मलेला होता. डॉ. जयंत नारळीकर. पुण्याच्या आयुकाचे ते संस्थापक संचालक. ते आणि त्यांचे सहकारी म्हणाले, अवकाशात धातूच्या बारीक तंतूंची धूळ असेल, ती उजेड अडवत असेल, म्हणून स्फोट मंद दिसत असतील. बहुतेक शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. पण "तुम्ही आम्हाला शिकवणार?" असं म्हणून वाद मिटला नाही. दोन्हीकडून गणित मांडलं गेलं, निरीक्षणं तपासली गेली. 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्यांच्या मोठेपणामुळं त्यांचं मत कुणी डोळे झाकून मानलं नाही, आणि ते पटलं नाही म्हणून त्यांचा मानही कमी झाला नाही.

माझं मागणं एवढंच. घरातल्या पोरीनं, पोरानं "कशावरून?" विचारलं, तर हसू नका, गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर म्हणा, "चल, दोघं मिळून तपासू."

जय भीम.