धूम्रपान सोडल्यावर शरीर कसे सावरते



“चाळीस वर्षे विडी ओढली, आता सोडून काय उपयोग?” गावच्या पारावर आणि कचेरीच्या व्हरांड्यातही हा प्रश्न ऐकू येतो. निराशेच्या आडून व्यसन येथे स्वतःचाच बचाव करीत असते. वैद्यकशास्त्राने मात्र या प्रश्नाचे दिलासादायक उत्तर दिलेले आहे.

शेवटच्या झुरक्यानंतर सुमारे २० मिनिटांतच हृदयाचे वाढलेले ठोके कमी होऊ लागतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो व प्राणवायूची जागा अडवितो. साधारणतः एका दिवसात त्याचे प्रमाण पूर्वपदावर येते.

खरी कसोटी पहिल्या दोन-तीन दिवसांची. निकोटीनला चटावलेला मेंदू त्याची मागणी करतो. चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक वाढते. हा त्रास बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. याच सुमारास काहींचा खोकला वाढतो. श्वासनलिकेतील सूक्ष्म रोम धुराने निकामी झालेले असतात. ते पुन्हा काम करू लागून साचलेला कफ बाहेर लोटतात. ‘विडी सोडली म्हणून खोकला लागला’ अशा गैरसमजाने अनेकजण नेमके येथेच माघार घेतात. वस्तुतः ती सुधारणेचीच खूण असू शकते. खोकला लांबला किंवा कफात रक्त दिसले, तर मात्र डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे.

दोन आठवडे ते तीन महिन्यांत रक्ताभिसरण व फुप्फुसांचे कार्य सुधारते. एका वर्षानंतर हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका, धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या तुलनेत, जवळजवळ निम्मा होतो.

तथापि, सर्वच हानी भरून निघते असे नाही. फुप्फुसांतील नष्ट झालेले वायुकोश पुन्हा निर्माण होत नाहीत. परंतु पुढील ऱ्हासाचा वेग मंदावतो. दमेकऱ्यासारखी धाप लागणाऱ्या वृद्धालाही एवढा लाभ लहान नव्हे.

ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये डॉक्टरांच्याच धूम्रपानाचा अभ्यास आरंभिला. त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. साठाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यांचे आयुर्मान सुमारे ३ वर्षांनी, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे सुमारे १० वर्षांनी वाढते, असे त्यांत आढळले. म्हणजे लवकर सोडणे श्रेयस्कर. पण उशिरा सोडणेही व्यर्थ नाही.

विडी टाकून तंबाखू मळणे हा मात्र उपाय नव्हे; त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण मिळते.

२ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे. तिची अंमलबजावणी हे आपले कर्तव्य होय. परंतु केवळ दंडाने व्यसन सुटत नाही. सोडू पाहणाऱ्याची थट्टा न करता त्याला धीर द्यावा, डॉक्टरांकडे न्यावे, १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेची माहिती द्यावी. एकदा प्रयत्न फसला तर पुन्हा करावयास सांगावे. ग्रामसभेत आणि शाळेत शिक्षकांनी व सरपंचांनी स्वतःच प्रथम विडी-सिगारेट दूर ठेवली, तर त्यांच्या शब्दाला वजन येईल. शरीर सावरण्यास सिद्ध असते. त्याला संधी देणे माणसाच्या हाती आहे.