लहानग्यांची बद्धकोष्ठता

तान्ह्या आणि चालत्या-फिरत्या मुलांची बद्धकोष्ठता दिवस मोजून ठरत नाही, शी कशी होते त्यावरून ठरते. फक्त अंगावर पिणारे बाळ दीड-दोन महिन्यांचे झाले की कधीकधी पाच-सहा दिवस शी करत नाही. आईच्या दुधाचा बहुतेक अंश अंगी लागतो, आतड्यात मागे फारसे उरतच नाही. सहाव्या दिवशी झालेली शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. याउलट दोन वर्षांचे मूल रोज शी करत असले, पण शेळीच्या लेंड्यांसारखे खडे टाकताना किंचाळत असले, तर त्याला उपचाराची गरज आहे. काही महिन्यांचे बाळ दहा-पंधरा मिनिटे कुंथते, रडते आणि शेवटी मऊ शी करते, तेव्हाही घर घाबरून जाते. पोटाने जोर देणे आणि त्याच क्षणी गुदद्वार सैल सोडणे ही सांगड त्याला अजून जमायची असते. त्याला औषध लागत नाही. काही आठवड्यांत ते आपोआप सुटते.

बद्धकोष्ठतेच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या 2016 सालच्या रोम-4 निकषांत चार वर्षांखालील मुलांसाठी महिन्याभराची मुदत धरली आहे. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा शी होणे, ती अडवून धरणे, कडक किंवा दुखरी शी, फार जाड शी, गुदाशयात मळाचा मोठा गोळा साठणे, यांतली किमान दोन लक्षणे महिनाभर टिकली तर ती बद्धकोष्ठता. अशा मुलांपैकी बहुतेकांच्या आतड्यात कोणताही रोग नसतो. वरचे अन्न सुरू होते तेव्हा, शी-शूची सवय लावली जाते तेव्हा किंवा मूल प्लेस्कूलला जाऊ लागते तेव्हा हे दुखणे सुरू होते.

त्याचे मूळ भीतीत असते. एकदा कडक शी होते, गुदद्वाराला चीर पडते, शीवर रक्ताची रेघ दिसते. पुढच्या वेळी कळ आली की मूल ती दाबून धरते. खेळता खेळता ते थबकते, सोफ्यामागे किंवा पडद्याआड जाते, चवड्यांवर उभे राहते, मांड्या एकमेकींवर आवळते आणि तोंड लालबुंद करून थरथरते. घरातले म्हणतात, ‘बिचारं जोर लावतंय, पण होतच नाही.’ खरे तर मूल शी बाहेर येऊ नये म्हणून सगळा जोर लावत असते. ही एक गोष्ट आई-बाबांच्या ध्यानात आली की उपचाराची अर्धी वाट सरते. अडवलेल्या मळातले पाणी मोठे आतडे शोषत राहते, खडा आणखी मोठा आणि कडक होतो, पुढची शी अधिक दुखते. महिनोन्‌महिने असे चालले की गुदाशय ताणून सैल होतो आणि त्याला कळ जाणवेनाशी होते. मग अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि चड्डी खराब होते. घरी वाटते जुलाब लागले, आणि जुलाब थांबवण्याचे औषध दिले जाते. हा उपाय थेट उलटा पडतो. मुलाला ओरडणेही तितकेच चुकीचे, कारण झिरपणारा मळ त्याला कळतच नाही.

दिल्लीच्या मयूर विहारसारख्या वस्तीत आईवडील दोघे नोकरीला आणि मूल पाळणाघरात, असे पुष्कळ मराठी संसार आहेत. अशा घरांत कारण बहुधा बाटलीत सापडते. 1974 साली सुरू झालेल्या मदर डेअरीचा पटपडगंजचा कारखाना इथून जवळच. दूध सकाळ-संध्याकाळ हाताशी असते. जेवत नाही म्हणून दूध, झोपत नाही म्हणून दूध, असे करता करता दीड वर्षाचे मूल दिवसाला लिटरभर पिते. दुधात तंतू अजिबात नाहीत आणि लोह नावापुरते. पोट दुधानेच भरल्यावर पोळी-भाजीला जागा उरत नाही. एक वर्षानंतर दिवसाला 400 ते 500 मिलिलिटर दूध पुरे, तेही बाटलीऐवजी पेल्यातून. काही मोजक्या मुलांना गाईच्या दुधातील प्रथिनांचीच ॲलर्जी असते आणि बद्धकोष्ठता हे तिचे एक लक्षण असू शकते; दूध पूर्ण तोडून पाहायचे तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. डब्याचे दूध पिणाऱ्या तान्ह्यांच्या बाबतीत पावडरीचे प्रमाण आधी तपासावे. बाळ गुटगुटीत व्हावे म्हणून एक चमचा जास्त घातला की दूध घट्ट होते आणि मळही.

मराठी घरातले बाळाचे जेवणही जरा पारखून पाहायला हवे. मऊ भात, तूप, वरचे वरण, मेतकूट हे पचायला हलके, पण तंतूंच्या बाबतीत दुबळे. नाचणीचे सत्त्व वस्त्रगाळ केलेले असते, म्हणजे कोंडा फडक्यातच राहतो. पोट साफ होण्यासाठी अख्ख्या नाचणीचे पीठ बरे. दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी एक सोपा हिशेब आहे: वयाच्या वर्षांत पाच मिळवले की रोजचे तंतू किती ग्रॅम हवेत ते कळते. तीन वर्षांच्या मुलाला आठ ग्रॅम. एका मध्यम पेरूतून त्यातला निम्म्याहून जास्त वाटा मिळतो. सफलच्या फळ-भाजीच्या दुकानात मिळणारी पपई, पेरू, नाशपाती, सालीसकट मुगाची खिचडी, भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुका यांवर हे भागते. इसबगोल मात्र आपल्या मनाने देऊ नये. पुरेसे पाणी पोटात गेले नाही तर त्याने अडथळा वाढतो. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत मुले पाणी मागत नाहीत, मे-जूनमध्ये घामावाटे ते जाते, म्हणून दोन्ही ऋतूंत पेला पुढे करावा लागतो.

बसण्याची जुनी रीत शास्त्रालाही पटणारी आहे. आई पाय पसरून बसायची आणि बाळाला आपल्या दोन पावलांवर उकिडवे बसवायची. गुडघे वर आले की गुदाशयाचा मार्ग सरळ होतो. मोठ्यांच्या कमोडवर बसवलेल्या मुलाचे पाय अधांतरी लोंबकळतात आणि त्याला जोर लावायला आधारच मिळत नाही. पायांखाली पाट किंवा स्टूल द्यावे. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, तेव्हा पाच-दहा मिनिटे बसवावे. हाती मोबाइल नको, घाई नको. दुखणे चालू असेपर्यंत डायपर सोडवण्याचा हट्ट पुढे ढकलावा.

काही घरगुती उपाय मात्र सोडायलाच हवेत. विड्याच्या पानाचा तेल लावलेला देठ किंवा साबणाची चिपटी गुदद्वारात सारली की शी होते खरी, पण नाजूक त्वचेची आग होते आणि भीती दुणावते. महिन्याकाठी पाजलेल्या एरंडेलाने पोटात मुरडा येतो, आणि नाक दाबून पाजताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज गुटीसुद्धा नको. वर्षाच्या आत मध तर कधीच चाटवू नये. मधातल्या बोट्युलिझमच्या जंतूंनी तान्ह्या बाळाला लकवा होऊ शकतो, आणि त्याचे पहिले लक्षण बद्धकोष्ठताच असते.

आहाराने भागले नाही तर औषध लागते. आधी साठलेला गोळा बाहेर काढतात, मग रोजचे औषध सुरू होते: तान्ह्यांना लॅक्ट्युलोज, वर्षापुढच्यांना बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर. ही औषधे आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि शी मऊ करतात. त्यांची सवय लागते, आतडे आळशी होते, ही भीती खोटी आहे. या भीतीपायीच आठवड्याभरात औषध थांबते, आणि दुखणे परतण्याचे सर्वांत मोठे कारण तेच. औषध किमान दोन महिने चालते, सगळी लक्षणे गेल्यावर आणखी महिनाभर, मग हळूहळू कमी करतात. ताणलेल्या गुदाशयाला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. मुलाच्या मनातली भीती जायला त्याहून जास्त.

काही खुणा दिसल्या तर घरी थांबू नये. जन्मल्यावर 48 तासांत काळी पहिली शी न होणे, पहिल्याच महिन्यात बद्धकोष्ठता सुरू होणे, पोट फुगणे, हिरवी उलटी, वजन न वाढणे, पाय लुळे वाटणे, कमरेच्या मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका असणे. अशा खुणांमागे हिर्शस्प्रंगचा आजार असू शकतो. साधारण 5000 जन्मांत एका बाळाला तो होतो. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात आणि शस्त्रक्रिया करावी लागते. थायरॉइडची जन्मजात कमतरता हे दुसरे कारण. ती वेळेत ओळखली तर बाळाच्या बुद्धीचे नुकसान टळते.

मयूर विहारच्या पालकांना खिचडीपूरचे लालबहादूर शास्त्री रुग्णालय जवळ पडते, आणि गीता कॉलनीतले चाचा नेहरू बाल चिकित्सालय हे मुलांसाठीच असलेले सरकारी रुग्णालय यमुनेच्या याच तीरावर आहे. तिथे जाताना दोन आठवड्यांची वही सोबत न्यावी: शी कोणत्या दिवशी झाली, कडक की मऊ, मूल रडले का, दूध किती प्यायले.