विकावयाचें घर

‘घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं पिढ्यान्‌पिढ्या आहे. घर बांधतांना होणारी दमछाक तींत नेमकी सांगितली आहे. घर विकतांना काय होतें, याविषयीं मात्र ती गप्प आहे. आजच्या शहरी जीवनांत तर विकण्याचाही प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर येतो. मुलें परगांवीं स्थायिक होतात, जिना चढणें गुडघ्यांना झेपत नाहीं, अथवा भावाभावांत वांटणी व्हावयाची असते. अशा वेळीं पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, घर आहे तसेंच गिऱ्हाइकाला दाखवावें, कीं त्याला नवें रूप देऊन मग दाखवावें?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं मुंबईच्या शिवाजी पार्क परिसरांतील एक घर डोळ्यांपुढें आणूं. इमारत 1940 च्या सुमाराची, तीन मजल्यांची, उद्वाहन नाहीं. दुसऱ्या मजल्यावर एक वृद्ध आई आणि तिचा मुलगा व सून राहतात. घरांत पाऊल टाकतांच तें ‘जुनाट’ वाटतें. परंतु हें जुनाटपण नेमकें कोठून येतें, हें पाहूं लागलें म्हणजे मोठी गंमत आढळते. पायांखालची नक्षीची फरशी, सागवानी दारें, त्यांवरील पितळी कड्या, गोलाई दिलेली गॅलरी, या मूळच्या गोष्टी डोळ्यांना मुळींच खुपत नाहींत. खुपतें तें मागाहून चढलेलें. सागवानावर थापलेला तपकिरी तेलरंग, भिंतभर पसरलेलें सनमायकाचें शोकेस, दिवाणखान्यांतील प्लास्टर ऑफ पॅरिसचें कोनाकोनांचें खोटें छत, फरशीवर चिकटविलेलें प्लास्टिकचें आच्छादन आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनीं कोंडलेली ती गॅलरी! सारांश, घर शिळें दिसतें तें त्याच्या वयामुळें नव्हे, तर त्या त्या दशकांत हौसेनें केलेल्या नवेपणामुळें.

हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे निम्मा खर्च आपोआप टळतो. नवें आणण्याऐवजीं मधलें काढावें, एवढेंच काम उरतें. त्यांत पहिला मान फरशीचा. ही नक्षीची फरशी भट्टींत भाजलेली नसते. रंगीत सिमेंट सांच्यांत ओतून व यंत्रानें दाबून ती तयार होते आणि नक्षीचा थर अवघा कांहीं मिलिमीटरांचा असतो. स्वदेशीच्या प्रेरणेनें अशी फरशी तयार करणारी भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी 1922 सालीं स्थापन झाली. आच्छादन काढल्यावर डिंकाचे डाग निघावेत म्हणून पुष्कळ लोक फरशीवर ॲसिड ओततात. तें करूं नये. ॲसिड सिमेंटलाच खातें आणि नक्षी कायमची फिकी पडते. सौम्य साबण, पाणी, मऊ घासणी आणि आवश्यक तर जाणत्या कारागिराकडून हलकें पॉलिश, एवढें पुरे होतें. दक्षिण मुंबईंतील ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह येथील आर्ट डेको इमारती 2018 सालीं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत गेल्या. शिवाजी पार्क त्या यादींत नाहीं. तथापि त्याच धाटणीची गॅलरी आणि तशीच फरशी पाहून आज गिऱ्हाइकाचे डोळे निवतात, हें विकणाऱ्यानें विसरूं नये.

दारांचा तेलरंग खरवडतांना मात्र सावधगिरी हवी. जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक शिसें असलेले घरगुती रंग करण्यास व विकण्यास भारतांत बंदी आली ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्यापूर्वींचा रंग संशयास्पदच समजावा. तो कोरडा घासून धूळ उडवूं नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावा, निघालेला चुरा गोळा करून बाजूस काढावा, आणि काम चालू असतांना लहान मुलें व गरोदर स्त्रिया यांना त्या घरापासून दूर ठेवावें.

खोटें छत काढण्याचें कारण केवळ शोभेचें नाहीं. त्याच्या आड मूळचें काँक्रीटचें छत वर्षानुवर्षें कोणाच्या दृष्टीस पडलेलें नसतें. समुद्राजवळच्या दमट हवेंत आंतील लोखंडी सळया गंजतात. गंजाला मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा लागते, म्हणून तो आंतून दाब देतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. हें विकण्याआधीं कळलेलें बरें.

आतां जेथें खर्च करूं नये तें ठिकाण पाहूं. तें म्हणजे स्वयंपाकघर. नवा मालक आपल्या सोयीनें ओटा पाडून पुन्हां बांधण्याचाच संभव अधिक. म्हणून ठिबकणारा नळ, सैल झालेलें बटण, घट्ट बसणारें दार हीं दुरुस्त करावींत, दिवे नीट लागतील असें पाहावें, भिंतींना एकच फिकट रंग द्यावा आणि थांबावें. त्याहीपूर्वीं गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांस एक प्रश्न अवश्य विचारावा : इमारतीच्या पुनर्विकासाचा विचार चालू आहे काय? असल्यास घेणारा भिंतींकडे न पाहतां करारपत्राकडेच पाहील आणि रंगाचा सारा खर्च इमारतीबरोबर जमीनदोस्त होईल.

येथवरचा भाग हिशेबाचा झाला. खरी कसोटी लागते ती याच्या पुढें. त्या घरांत शोकेस हलवितांच मागच्या भिंतीवर ओलीचा मोठा डाग दिसतो. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचा तो प्रसाद असतो. मुलगा म्हणतो, “आई, दोन हात रंग दिला म्हणजे पावसाळ्यापर्यंत कांहीं दिसणार नाहीं. तोंवर व्यवहार होऊन जाईल.” आई शांतपणें विचारते, “आणि मग पावसाळा यायचा राहील का रे? त्या घरांत येणारीं माणसें आपलें नांव कसें काढतील?”

आईचें हें बोलणें भाबडें वाटेल. परंतु कायदा तिच्याच बाजूचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याच्या कलम 55 अन्वयें, वेगळा करार नसेल तर, जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास ठाऊक नसून सामान्य दक्षतेनें पाहूनही कळण्याजोगा नाहीं, तो सांगणें विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणें ही फसवणूक, असें तेंच कलम म्हणतें. शिवाय ओल्या भिंतीवर रंग फार दिवस टिकत नाहीं. आंतील पाणी त्याला फुगवून आपली साक्ष देतेंच. म्हणून आधीं गळती थांबवावी, भिंत पुरती वाळूं द्यावी, मग रंग द्यावा, आणि दुरुस्तीची पावती घेणाऱ्याच्या हातांत ठेवावी. त्यानें किंमत थोडी खालीं मागितली तरी हरकत नाहीं. ती तूट एकदांच सोसावी लागते, वाद मात्र वर्षानुवर्षें चालतो.

त्याच अधिनियमाचें कलम 8 आणखी एक गोष्ट शिकवितें. उलट कांहीं ठरलेलें नसल्यास घराबरोबर दारें, खिडक्या, कुलुपें, किल्ल्या आणि घरांत कायमच्या उपयोगासाठीं बसविलेल्या वस्तू घेणाऱ्याकडे जातात. पितळी कड्या किंवा दिवाणखान्यांतील झोपाळा बरोबर न्यावयाचा असेल, तर घर दाखविण्यापूर्वींच तसें सांगावें आणि करारांत लिहून ठेवावें. व्यवहार झाल्यावर कड्या उपटून नेणाऱ्याची शोभा होत नाहीं.

शेवटीं सामान आवरण्याचें काम येतें, आणि येथें सर्वांत जास्त वेळ लागतो. घेणाऱ्याला भिंतीवर दुसऱ्याचे पूर्वज दिसले म्हणजे त्याला आपला संसार तेथें मांडून पाहतां येत नाहीं; म्हणून तसबिरी आधींच उतरवाव्या, हें व्यवहाराला धरून आहे. परंतु स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनें ओढलेल्या रेघा असतात. मुलांच्या वाढदिवसाला त्यांची उंची मोजून आईनें त्या काढलेल्या असतात, आणि रंगारी दुसऱ्या दिवशीं सकाळीं यावयाचा असतो. त्या रात्रीं सून कागदाची एक लांब पट्टी चौकटीला लावते आणि प्रत्येक रेघ तिच्या तारखेसह त्यावर उतरवून घेते. सासूबाई पट्टीचें खालचें टोक धरून बसतात. काम संपल्यावर ती पट्टी गुंडाळून पितळी डब्यांत जाते.

मग रंगाऱ्याला खुशाल चौकट रंगवूं द्यावी. सजविण्याजोगें घर सजवावें, सांगण्याजोगा दोष सांगावा, आणि जें विकावयाचें नाहीं तें आधींच उचलून ठेवावें. हें तीन गोष्टींचें पथ्य ज्यानें पाळलें, त्याला किल्ल्या हातावेगळ्या करतांना मागें वळून पाहण्याची धास्ती उरत नाहीं.