अंध विद्यार्थ्याच्या हातची लेखणी



दहावीच्या परीक्षेत अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. ही सवलत न्याय्य आहे व ती राहिलीच पाहिजे. परंतु परीक्षेपुरती असलेली ही सोय काही ठिकाणी वर्षभराची रीत होऊन बसते. मुलगा सांगतो, दुसरा लिहितो; निबंधाला गुणही पडतात. मात्र पंधरा वर्षांच्या त्या मुलाच्या बोटांखाली ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद कधी आलेलाच नसतो. आपलेच वाक्य खोडून पुन्हा लिहिणे, हे लेखनशिक्षणाचे मर्म त्याच्या वाट्याला येत नाही.

लुई ब्रेल यांनी १८२४ मध्ये, स्वतः पंधरा वर्षांचे असताना, सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान लिपी १९५१ मध्ये ठरली. तिच्यात इ आणि ई यांची टिंबे वेगळी असल्याने ऱ्हस्व-दीर्घ बोटाला कळते. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचे व कागद उलटून डावीकडून वाचायचे, ही कसरत सरावाने जमते. अडचण निराळीच आहे. टोचलेले टिंब सहजासहजी पुसता येत नाही. आणि वर्गशिक्षकांना ब्रेल येत नसेल तर वही तपासणार कोण?

येथे संगणक उपयोगी पडतो. २००६ मध्ये आरंभ झालेली ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली पडद्यावरील मजकूर वाचून दाखवते. ती विनामूल्य आहे आणि मराठीही बोलते. मुलगा टंकलेखन करतो, ऐकतो, दुरुस्त करतो; शिक्षक तेच पडद्यावर पाहतात. तथापि भारती ब्रेलमध्ये जोडाक्षराचे हलन्तचिन्ह व्यंजनांच्या आधी येते, तर इनस्क्रिप्ट कळफलकावर ते पहिल्या व्यंजनानंतर. ‘राज्य’ लिहिताना ब्रेलला सरावलेला मुलगा येथेच अडखळतो. कारण ठाऊक नसलेले शिक्षक त्याला मंद समजून मोकळे होतात!

शिवाय यंत्राच्या आवाजात ‘दिन’ व ‘दीन’ यांतील फरक कानाला क्वचितच जाणवतो. शब्द एकेका अक्षराने ऐकण्याची सोय आहे, ती प्रथम शिकवावी. आणि संगणक आला म्हणून ब्रेल पाटी कपाटात टाकू नये.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शाळांवर सुयोग्य सोयी पुरवण्याचे दायित्व टाकले आहे. पुष्कळदा प्रश्न नव्या खरेदीचा नसून कुलूपबंद संगणककक्षाच्या किल्लीचा असतो. शाळा व्यवस्थापन समितीवर बसणाऱ्या पंचायत सदस्यांनी पुढच्या बैठकीत ती किल्ली कोणाकडे असते, एवढे विचारावे.