भल्या माणसाच्या भरवशावर

सकाळपासून त्या जाड अंगरख्यात घामाघूम होऊन बसलेल्या स्नातकांनो,

दीक्षान्त भाषण पदव्या वाटण्याच्या आधी ठेवतात, म्हणजे कुणाला उठून जाता येत नाही. या पद्धतीचा मी फार गैरफायदा घेणार नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या मोबाइलमध्ये या घडीला परदेशी विद्यापीठांची पत्रं असतील. कुणाचा प्रवेश पक्का झाला असेल, कुणी व्हिसाच्या तारखेवर डोळे लावून बसलं असेल. तुमच्याच वर्गात, तुमच्याइतकेच गुण मिळवलेली अंध मुलं आहेत, कर्णबधिर मुलं आहेत, व्हीलचेअरवरून येणारी मुलं आहेत. त्यांच्यातल्या फार थोड्यांनी तसा अर्ज केला. का, ते आज बोलायचं आहे. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. टेबलाच्या या बाजूनं जे दिसलं ते सांगते.

सुरुवात दादरपासून करू. लाहोरच्या एका डॉक्टरांच्या मुलाची दृष्टी मेंदूज्वरात गेली. मुलगा पाच वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा वडिलांनी त्याला आगगाडीनं मुंबईला, दादरच्या अंधशाळेत धाडलं. पुढे १९४९ साली, पंधराव्या वर्षी, हा मुलगा एकटा विमानानं अमेरिकेला गेला, आर्कान्सा राज्यातल्या अंधशाळेत. तिथून पोमोना कॉलेज, ऑक्सफर्डचं बेलियल, मग हार्वर्ड. १९६१पासून तीन दशकांहून अधिक काळ तो ‘द न्यूयॉर्कर’चा लेखक होता. वेद मेहता हे नाव तुमच्यातल्या काहींनी वाचलं असेल. दादरच्या शाळेतल्या दिवसांवर त्यांनी ‘वेदी’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

मला त्यांच्या प्रवासाआधीचे दिवस जास्त बोचतात. मुलगा टाइपरायटरवर एकेका शाळेला पत्र लिहीत होता आणि नकार येत होते. इतक्या लहान वयात, परक्या मुलखात, अंध मुलाचा निभाव लागणार नाही असा त्यांचा सूर. आर्कान्साची शाळा हो म्हणाली. तिथं कुणीतरी भला माणूस ते पत्र उघडायला बसला होता, एवढंच. तो त्या दिवशी रजेवर असता तर?

आपल्याकडे अशी गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांची जरा धास्ती वाटते, कारण टाळ्या वाजवून झाल्या की आपलं काम झालं असं आपल्याला वाटतं. श्रीकांत बोल्ला यांचंच बघा. आंध्रातल्या या अंध मुलाला दहावीनंतर विज्ञान शाखा मिळवायला न्यायालयात जावं लागलं. आयआयटीच्या तयारीच्या शिकवणीवर्गांनी दारात उभं केलं नाही. एमआयटीनं प्रवेश दिला. परत येऊन त्यांनी हैदराबादेत उद्योग उभारला, २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला, आपण तिकीट काढून तो बघितलाही. ज्या नियमांनी त्यांना अडवलं, ते पुढच्या मुलाला अडवतात की नाही, हे बघायला मात्र कुणी तिकीट काढत नाही.

सोय कशी उभी राहते, याचा मला पटलेला दाखला बर्कलीचा आहे. १९६२ साली एड रॉबर्ट्स तिथं शिकायला आले. पोलिओमुळे मानेखालचं शरीर लुळं, रात्री ‘लोखंडी फुप्फुस’ नावाच्या अवजड यंत्रात झोपावं लागे. ते यंत्र वसतिगृहात राहण्यासारखं नव्हतं, म्हणून विद्यापीठानं त्यांना आपल्या कॉवेल रुग्णालयात खोली दिली. म्हणजे पुन्हा एक भला माणूस, पुन्हा एक अपवाद. पण बर्कलीची गोष्ट तिथं संपली नाही. मागोमाग तशीच आणखी मुलं आली, रुग्णालयातच राहू लागली, रात्री गप्पा मारता मारता मागण्यांची यादी करू लागली. १९७०च्या सुमारास विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग निघाला. त्यात मदतनीस मिळवून देणारे लोक होते आणि व्हीलचेअर दुरुस्तीचं दुकानही होतं. या दुकानाचं मला भारी कौतुक आहे. धोरणाच्या कागदात ‘समावेशकता’ असते, दुरुस्तीचं दुकान नसतं. आणि चाकाची बेअरिंग गेली की मुलगी वर्गात पोहोचत नाही, समावेशकता असो वा नसो. पुढे अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारा अमेरिकेचा १९७३चा कायदा आला. त्याचे नियम निघेनात, म्हणून १९७७ साली अपंग हक्कांच्या कार्यकर्त्या ज्युडिथ ह्यूमन आणि त्यांच्या सोबत्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या दिला. अपंगांच्या हक्कांचा १९९०चा मोठा कायदा त्यानंतरचा. आज नागपूरहून बर्कलीला गेलेली मुलगी हक्कानं जे मागते, ते या ठिय्यामुळे.

म्हणून परदेश म्हणजे स्वर्ग असं कुणी समजू नये. लंडनच्या बसमधून व्हीलचेअरसाठी फळी बाहेर येते, पण तिथल्या भुयारी रेल्वेच्या जेमतेम एक तृतीयांश स्थानकांवर पायरी न चढता फलाटापर्यंत जाता येतं. तरीही मालिनी चिब यांच्यासारख्या मुंबईच्या लेखिकेला इंग्लंडमध्ये जे सापडलं, ते मोलाचं होतं. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणं आणि हालचाल अवघड; मुंबईत पदवी घेऊन त्या आधी ऑक्सफर्ड ब्रुक्सला आणि मग लंडनला शिकल्या. एका बोटानं टंकून त्यांनी ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. विजेवर चालणारी खुर्ची घेऊन, कुणालाही बरोबर न घेता, आपल्याला हवं तेव्हा बाहेर पडता येणं. तुमच्यापैकी बहुतेकांना यात शिकण्यासारखं काय, असं वाटेल. ज्यांना आयुष्यात कधी एकटं जाऊन चहा पिता आला नाही, त्यांना विचारा.

आता टेबलावरच्या कागदांकडे येते. आपलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र टक्क्यांत बोलतं. चाळीस टक्के, पंच्याहत्तर टक्के. २०१६च्या अपंग हक्क कायद्याखालच्या बहुतेक सवलती चाळीस टक्क्यांच्या रेषेवर ठरतात. परदेशी विद्यापीठाच्या अपंग विद्यार्थी कक्षाला त्या टक्क्याचं काहीच करता येत नाही. ते विचारतात: सलग किती वेळ लिहू शकता? पडद्यावरचा मजकूर वाचणारं कोणतं सॉफ्टवेअर वापरता? व्याख्यानाच्या नोंदी कशा घेता? पंधरा-सोळा वर्षं शिकलेल्या आमच्या मुलांना हे प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेले असतात. कितीजणांनी माझ्यासमोर खुर्चीत बसून, जरा बावचळून, “मला काय लागतं, हे मी कधी असं सांगितलंच नाही” असं म्हटलं आहे.

लेखनिकाचंही तसंच. आपल्याकडे अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा, असा सर्वसाधारण नियम. म्हणजे एमएच्या मुलीनं आपलं सगळं शास्त्र खालच्या वर्गातल्या मुलाला तोंडी सांगायचं, आणि त्यानं जसं लिहिलं तसं मुकाट्यानं स्वीकारायचं. बाहेर गेल्यावर बहुतेक ठिकाणी तिला संगणक देतात आणि तुझं तू लिही म्हणतात. पहिली दोन सत्रं तिची त्यातच जातात. एनव्हीडीए हे पडदा वाचणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आपल्या परीक्षा विभागानं ते चार संगणकांवर घालून मुलांना पहिल्या वर्षापासून स्वतः उत्तरं टंकू दिली तर खर्च किती येईल, याचा हिशेब परीक्षा नियंत्रकांनी करून बघावा. ते समोरच बसले आहेत म्हणून बोलते.

कर्णबधिर मुलांची अडचण आणखी वेगळी. वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ १८६४पासून कर्णबधिरांचं उच्चशिक्षण करतं. पण तिथं अमेरिकन खुणांची भाषा चालते, आपली नव्हे. ब्रिटिश खुणांची भाषा तिसरीच. इंग्रजी दोन्हीकडे असली तरी या खुणा एकमेकांना कळत नाहीत. म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेखेरीज आणखी एक भाषा शिकून जावी लागते, आणि ती शिकायची सोय आपल्याकडे शोधावी लागते.

पैशांचा विषय टाळून चालणार नाही. घरातली चर्चा बहुतेक वेळा एका वाक्यावर थांबते: “आई जाईल की सोबत.” व्हिसाच्या कागदांना ही आई ओळखता येत नाही. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याचे अवलंबित म्हणजे जोडीदार आणि मुलं. २०२४पासून शिकवून दिल्या जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना तेही नेता येत नाहीत. आई पाहुणी म्हणून जाऊ शकते, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने. तिथल्या कायद्यानं विद्यापीठाला वर्गातल्या आणि परीक्षेतल्या सोयी कराव्या लागतात, पण आंघोळ घालायला, कपडे चढवायला लागणारा माणूस त्यात बसत नाही. तिथल्या मुलांना सरकारकडून मिळणारा अपंग विद्यार्थी भत्ता आपल्या मुलांना मिळत नाही. मग मदतनीसाचा पगार कुणाच्या खिशातून? युरोपच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीत अशा खर्चासाठी वेगळी रक्कम मागता येते, आणि मला तोच मार्ग रास्त वाटतो: अपंगत्वाचा जादा खर्च कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात असावा, मुलाच्या बापाच्या कर्जात नसावा. आपल्या केंद्र सरकारचीही अपंग विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. वर्षाला वीस जागा, त्यातल्या सहा मुलींसाठी. २०११च्या जनगणनेत देशात अपंग माणसं दोन कोटी अडुसष्ट लाख होती. वीस ही संख्या कोणत्या हिशेबानं आली, ते समजून घ्यायला मला आवडेल. तुमच्यातले काही जण पुढे मंत्रालयात, दिल्लीत बसाल. तुम्ही तरी विचारा.

आणि विमान. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी संस्था सुरू केली. मालिनी चिब त्यांची मुलगी. याच संस्थेच्या गोव्यातल्या परिषदेला फेब्रुवारी २०१२मध्ये कोलकात्याहून जीजा घोष निघाल्या होत्या. त्याही परदेशी शिकून आलेल्या, अपंगांच्या शिक्षणात काम करणाऱ्या. विमानात जाऊन बसल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून खाली उतरवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली दहा लाखांची भरपाई दिली. निकाल चांगला, वाचण्यासारखा आहे. पण त्यांची परिषद हुकली ती हुकलीच. विजेच्या खुर्चीचं प्रकरण तर वेगळंच. बॅटरी कोणत्या जातीची, निघते का, किती वॉट-तासांची, हे आधी कळवावं लागतं. लिथियमची निघणारी बॅटरी तीनशे वॉट-तासांपर्यंत चालते, त्यापुढे नाही. हे कळवूनही विमानतळावरच्या माणसाला ते ठाऊक नसतं, म्हणून बॅटरीच्या कागदाच्या तीन प्रती खुर्चीला, पासपोर्टला आणि गळ्यात, असं मी मुलांना सांगत आले आहे. हे मी सांगावं लागतं याचाच मला राग येतो.

आता उलट दिशेनं येणारा प्रवास. नेपाळ, आफ्रिका, आखात, अफगाणिस्तान इथून मुलं पुण्यात आणि आपल्या राज्यात शिकायला येतात, कित्येक भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर. त्यांचा परदेश म्हणजे आपण. नैरोबीच्या व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीनं आपल्या आंतरराष्ट्रीय कक्षाला उद्या लिहिलं, की वसतिगृहाच्या न्हाणीघराचं दार किती रुंद आहे आणि लिफ्टचं बटण बसल्या जागेवरून हाताला लागतं का, तर आपण काय लिहू? “सर्व सोयी उपलब्ध आहेत.” असली उत्तरं मी स्वतः टंकलेली नाहीत, पण पाहिली पुष्कळ आहेत. एकदा आमच्या एका विद्यार्थिनीला बाहेरून आलेलं उत्तर मात्र मी मुद्दाम जपून ठेवलं होतं. त्यात खोलीच्या दाराचं माप होतं, पलंगाची उंची होती, वसतिगृहापासून विभागापर्यंतच्या रस्त्याचे फोटो होते, आणि खाली एक ओळ: या चढावर पावसात खुर्ची घसरते, मागच्या फाटकानं या. ती ओळ लिहिणारा माणूस त्या चढावर जाऊन आला होता.

२०२४च्या नोव्हेंबरात राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे नियम सल्ला म्हणून ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. तेव्हा आता दिल्लीच्या आदेशाची वाट बघायचं कारण उरलेलं नाही. स्थापत्य शाखेचे जे स्नातक इथं आहेत, त्यांनी जेवण झाल्यावर वसतिगृहांकडे एक चक्कर मारावी. उतार एकास बारापेक्षा चढा आहे का बघा, दारं मोजा, आणि ती मापं सोमवारी आंतरराष्ट्रीय कक्षाकडे द्या. संकेतस्थळावर टाकायचं काम कुलगुरूंनी मघाशी माझ्याजवळ कबूल केलं आहे. मोजपट्टी वसतिगृहाच्या कार्यालयात मिळेल. न्हाणीघराच्या उंबऱ्याचं मापही घ्या, तेवढं नेहमी राहून जातं.